मुद्दा, पोटमुद्दा आणि मॅक्रो

दिवाणी दाव्याचा मसुदा तयार आहे. बत्तीस कलमं, शेवटी 'सबब विनंती की', खाली सत्यापन. प्रिंटरला कागद लावला जातो आणि तेवढ्यात वकीलसाहेब म्हणतात, "सातव्या कलमानंतर एक कलम वाढवा. वाटपाचं राहिलंय." शिरूरच्या काय किंवा दौंडच्या काय, न्यायालयालगतच्या टायपिंगच्या दुकानांना हा प्रसंग नवा नाही. परिच्छेद टाइप व्हायला दोन मिनिटं पुरतात. पण आता आठचं नऊ, नऊचं दहा करत करत बत्तीसचं तेहतीस करायचं. शिवाय आत कुठंतरी 'वर कलम ११ मध्ये नमूद केल्याप्रमाणे' असं वाक्य असतं, ते हुडकून अकराचं बारा करायचं. त्यातलं एखादं सुटतंच, आणि ते पुढच्या तारखेला समोरच्या वकिलाला सापडतं.

हे काम यंत्रानं का करू नये? अर्जापासून अहवालापर्यंतच्या मजकुराची मांडणी स्क्रिप्टनं, म्हणजे यंत्राला लिहून दिलेल्या छोट्या आज्ञावलीनं, आपोआप लावता येते का? येत असेल तर शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांत ते अजून इतकं विरळ का?

मराठीत 'मुद्देसूद' हा शब्द शाळेतल्या निबंधापासून सोबत असतो. आउटलायनर नावाची सॉफ्टवेअर म्हणजे या मुद्देसूदपणाचीच यंत्रं. मुद्दा, त्याच्या पोटात पोटमुद्दा, त्याच्याही पोटात तपशील. वरचा मुद्दा उचलून दुसरीकडे नेला की त्याचं सगळं बिऱ्हाड त्याच्यामागे जातं. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी संगणकाचं जे गाजलेलं प्रात्यक्षिक दाखवलं, त्यात त्यांनी बाजारहाटाची यादी अशीच गटवार लावून, घडी घालून, पुन्हा उलगडून दाखवली होती. १९८३ मध्ये डेव्ह वाइनर यांचं 'थिंकटँक' बाजारात आलं. त्यांच्याच १९९२ च्या 'फ्रंटियर'मध्ये तर आज्ञावलीसुद्धा मुद्दे-पोटमुद्द्यांच्या रूपात लिहायची सोय होती. २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक यांचा 'ऑर्ग-मोड' आला; त्यात ओळीच्या सुरुवातीला जितके तारे, तितकी त्या मुद्द्याची पायरी खोल. मॅकवरचं 'ऑम्नी-आउटलायनर' ॲपलस्क्रिप्टच्या हुकुमावर चालतं.

ही नावं ज्यांना आवडतात त्यांना ती आवडोत. तालुक्याच्या गावी कामाचा गाडा वर्डवर चालतो, क्वचित लिबर-ऑफिसवर, आणि अलीकडे थोडाफार गूगल डॉक्सवर. पण या तिन्हींच्या पोटातही एक आउटलायनर दडलेला आहे. वर्डमध्ये मथळ्याच्या नऊ पायऱ्या असतात, 'आउटलाइन व्ह्यू' असतो आणि १९९७ पासून व्हीबीए ही मॅक्रोची, म्हणजे वर्डच्या आतच चालणाऱ्या स्क्रिप्टची, भाषा आहे. लिबर-ऑफिस फुकट मिळतं आणि त्याचे मॅक्रो बेसिकमध्ये किंवा पायथनमध्ये लिहिता येतात. गूगल डॉक्सला ॲप्स स्क्रिप्ट आहे. साधनं घरातच आहेत, पण पेटीचं झाकण फारसं कुणी उघडलेलं नाही.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरतो आणि केडगावात पोहोचतो. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार मुली-बायकांना जिथं आसरा दिला, ते हे मुक्ती मिशनचं गाव. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी मुळावरून केलं आणि ते छापायला मिशनमध्येच छापखाना उभारला. खिळे जुळवण्याचं काम तिथल्या बायका-मुलींनी केलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये त्याच छापखान्यातून बाहेर पडला. आता त्या ग्रंथाकडे जुळाऱ्याच्या नजरेनं पाहावं. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, एकतीस हजारांवर वचनं आणि प्रत्येक वचनाला क्रमांक. तीन पायऱ्यांची ही भलीमोठी मुद्देसूद रचना हातानं, खिळ्याखिळ्यानं लावलेली. एक क्रमांक चुकला तर पुढचे सगळे चुकणार. पण त्या जुळारी बायकांच्या बाजूनं एक गोष्ट होती. अध्यायाचा खिळा कुठल्या मापाचा आणि वचनाचा कुठल्या मापाचा हे आधी ठरलेलं होतं आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

आज वर्डमध्ये नेमकं हेच होत नाही. मथळा म्हणजे अक्षर ठळक करायचं आणि आकार सोळा. पुढच्या पानावर सतरा. मधोमध आणायचं तर स्पेसबार दाबत राहायचं. क्रमांक हातानं टाइप करायचे. सवय टाइपरायटरच्या काळातली आहे आणि ती पुसली गेलेली नाही. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत मराठीसाठी मिनिटाला ३० आणि ४० शब्द अशा दोन परीक्षा असतात. तिथं मोल वेगाला आहे. वेगानं टाइप केलेल्या मजकुरात मथळा कुठला आणि मजकूर कुठला, हे फक्त माणसाच्या डोळ्याला कळतं. यंत्राला सगळ्या ओळी सारख्याच.

म्हणून आधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. सुरुवातीच्या प्रसंगातल्या वकीलसाहेबांचा प्रश्न सोडवायला स्क्रिप्ट लागतच नाही. कलमांना वर्डचेच आपोआप क्रमांक लावले, 'कलम ११' हा उल्लेख हातानं न लिहिता क्रॉस-रेफरन्स म्हणून घातला आणि छापण्याआधी सगळं निवडून एफ-नाइन दाबलं, की नवं कलम कुठंही घुसवा, आकडे आपसूक सरकतात. मथळ्यांना 'हेडिंग'च्या शैली दिल्या की अनुक्रमणिकाही आयती मिळते. मांडणीचं निम्मं काम असं मॅक्रोशिवायच उरकतं.

स्क्रिप्टचं खरं काम उरलेल्या निम्म्यात आहे. मजकूर नव्यानं लिहिताना ती फारशी लागत नाही. दुसऱ्यानं लिहिलेला, जुना, व्हॉट्सॲपवरून आलेला, चार जणांच्या चार सवयींनी टाइप झालेला मजकूर रांगेत आणायला ती लागते. असं काम या दोन तालुक्यांत भरपूर आहे. ग्रामसभेचं इतिवृत्त घ्या. विषय क्रमांक, चर्चा, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक हा साचा ठरलेला, पण प्रत्येक गावचा टाइप करणारा वेगळा. न्हावऱ्याला घोडगंगा आणि पाटसला भीमा असे सहकारी साखर कारखाने या भागाच्या ओळखीचे आहेत; पतसंस्था आणि विकास सोसायट्याही गावोगाव. सहकारी संस्था म्हटली की वार्षिक सभेची नोटीस, सभेपुढील विषय, अहवाल आणि पोटनियम दुरुस्तीचा तक्ता आलाच. शाळांच्या प्रश्नपत्रिका आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे सुरक्षा-सूचना आणि कार्यपद्धतीची कागदपत्रं आहेत. सगळीकडे गरज एकच, कोणती ओळ कोणत्या पायरीची हे ओळखून तिला तिच्या जागी बसवायचं.

ओळखायचं, हा यातला कळीचा शब्द. स्क्रिप्ट सजावट करते असं वाटतं खरं, पण सजावट ही तिच्या कामाची शेवटची, सोपी पायरी असते. 'ही ओळ ठरावाची आहे' हे एकदा ओळखलं की तिला ठळक करणं, समास सोडणं, क्रमांक देणं क्षणाचं काम. ओळख पटवण्यात मात्र मराठी मजकूर जितका छळतो, तितका इंग्रजी छळत नाही.

पहिला छळ क्रमाक्षरांचा. इंग्रजीत ए, बी, सी. मराठीत? वर्डमध्ये देवनागरीसाठी 'अ, आ, इ' आहे, 'क, ख, ग' आहे, '१, २, ३' आहे. अंक अक्षरी हवे असतील तर 'एक, दो, तीन' असं ते हिंदीत मोजतं. महाराष्ट्रातली प्रश्नपत्रिका मात्र प्र. १ (अ), (ब), (क), (ड) अशी चालते आणि पाचवीची तुकडीही 'अ' नंतर 'ब' असते. वर्णमालेत 'अ' नंतर 'ब' कुठंच येत नाही. ही इंग्रजी ए-बी-सी-डीची मराठी सावली आहे आणि 'ड' नंतर बहुतेक जण इ, फ, ग असं त्याच सावलीमागे जातात. हा क्रम वर्डच्या तयार यादीत नाही. त्यामुळे शिक्षक तो हातानं टाइप करतात आणि मधला एक उपप्रश्न काढला की पुन्हा सगळं हातानंच. इथं छोटा मॅक्रो खरोखर उपयोगी पडतो. पायरी पाहायची, त्या पायरीवरचा कितवा मुद्दा हे मोजायचं आणि आपण दिलेल्या अ-ब-क-डच्या यादीतून अक्षर उचलून लिहायचं. वेबपानांच्या सीएसएस भाषेत तर अशी स्वतःची क्रमाक्षरं जाहीर करायची अधिकृत सोयच आहे.

दुसरा छळ विसर्गाचा. 'विषय' या शब्दापुढे कोलन हवा, पण असंख्य पत्रांत तिथं विसर्ग असतो, 'विषयः'. डोळ्याला दोन टिंबं दिसतात, यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं. 'विषय:' शोधणारी स्क्रिप्ट 'विषयः'वरून सरळ निघून जाते. मग कुणी म्हणेल, सगळे विसर्ग बदलून कोलन करा. तसं केलं की 'अंतःकरण' आणि 'दुःख' यांच्याही पोटात कोलन शिरतो. उलट काहींनी आधीच 'दु:ख' कोलननं टाइप केलेलं असतं. उपाय आहे, पण तो भाषा जाणणाऱ्यालाच सुचतो. विषय, संदर्भ, प्रति, दिनांक, ठिकाण अशा ठरावीक शब्दांच्या शेवटी आलेला विसर्गच बदलायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

तिसरा, दिसायला एक आणि असायला दोन. 'ॲड.' हे वकिलांच्या नावाआधीचं संक्षिप्त रूप घ्या. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र देऊन 'अॅ' लिहीत आणि अजूनही पुष्कळ लिहितात. कागदावर फरक दिसत नाही, शोधताना सापडत नाही. 'न्हावऱ्याच्या' या शब्दातला अर्धा र तर दोन रीतींनी लिहिता येतो, नुक्तावाल्या 'ऱ'नं किंवा साध्या 'र'ला एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. गावाचं नाव शोधून त्या ओळी वेगळ्या करायला सांगितलं तर निम्म्या ओळी सापडतात, निम्म्या नाहीत, आणि का नाहीत ते पडद्याकडे कितीही टक लावून पाहिलं तरी कळत नाही. म्हणून मराठीसाठीच्या कुठल्याही नीट स्क्रिप्टची पहिली दहा-वीस वाक्यं ही जोडरूपं एकसारखी करण्यातच खर्च होतात. त्यात '१0' अशी एका आकड्यात मिसळलेली देवनागरी-रोमन जोडीही आली.

चौथी अडचण नेटवरून घेतलेल्या तयार मॅक्रोंची. मथळ्याचा आकार सोळा करणारा मॅक्रो चालवावा, तर मथळ्यातली इंग्रजी अक्षरं मोठी होतात आणि मराठी तशीच बारकी राहतात. कारण वर्ड प्रत्येक मजकुराला दोन वेगळे आकार, दोन वेगळे ठळकपणे ठेवतं. एक रोमनसाठी आणि दुसरा 'कॉम्प्लेक्स' म्हटल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी. व्हीबीएमध्ये या दुसऱ्या गुणधर्मांच्या नावांना 'बाय'ची शेपटी असते. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या अरबी-हिब्रूंसाठी केलेली ती सोय, आणि देवनागरीही त्याच टोपलीत टाकलेली. केडगावला शंभर वर्षांपूर्वी हिब्रूवरून मराठीत मजकूर आला. वर्डच्या पोटात दोघी अजून शेजारणी आहेत. दोन्ही गुणधर्म बदलणाऱ्या दोन ओळी मॅक्रोत घातल्या की काम होतं, पण हे ठाऊक नसलेला माणूस 'मराठीत मॅक्रो चालत नाहीत' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

आणि मग जुन्या फाँटांचा डोंगर. युनिकोड सर्वत्र येण्याआधी मराठी संगणकावर आली ती कृतिदेवमधून, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीतून आणि पुण्याच्याच सी-डॅकच्या आयएसएममधून. या पद्धतींनी मराठी छपाईला मोठा हात दिला. पण त्या फाइलींच्या पोटात मराठी नसते. तिथं असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. प्रत्येक पद्धतीचा मुखवटा निराळा. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी टाइप होतो आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलट. त्यामुळे 'स्थिती' किंवा 'आर्थिक' यांसारखा शब्द बदलताना वेलांटीला अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारायला लावावी लागते. हे करणारी परिवर्तकं उपलब्ध आहेत, साध्या मजकुरावर ती ठीक चालतातही. गोंधळ होतो तो मिश्र मजकुरात.

मांडणीविषयीचा जगभरचा सर्वमान्य सल्ला मराठीत उलटतो तो इथंच. सल्ला असा की गबाळा मजकूर हाती आला की आधी त्याचं सगळं फॉरमॅटिंग पुसा, कोरा मजकूर घ्या आणि मग नव्यानं शैली लावा. इंग्रजीसाठी तो रास्त आहे. जुन्या मराठी फाइलीवर तो चालवला तर अनर्थ होतो. त्या फाइलीत 'हा तुकडा मराठी आहे' याचा एकमेव पुरावा म्हणजे त्याला लावलेलं फाँटचं नाव. कंपनीचं नाव टाइम्स न्यू रोमनमध्ये, बाकी करारनामा कृतिदेवमध्ये. फॉरमॅटिंग पुसलं की दोन्ही सारखीच रोमन अक्षरं होतात आणि कुठली खरी इंग्रजी, कुठली मुखवट्यामागची मराठी, हे सांगायला कुणी उरत नाही. उलट सगळं परिवर्तकात घातलं तर कंपनीच्या नावाची अगम्य खिचडी होते. तेव्हा इथं क्रम बदलावा लागतो. आधी फाँटचं नाव पाहून तुकडा तुकडा युनिकोडमध्ये न्यायचा, मग रूपं एकसारखी करायची, मग फॉरमॅटिंग पुसायचं आणि अगदी शेवटी शैली लावायच्या. हा क्रम ज्या स्क्रिप्टला ठाऊक नाही, ती कितीही हुशारीनं लिहिलेली असली तरी जुन्या मराठी दफ्तरापासून दूरच ठेवावी.

रूपाच्या आत अर्थ दडलेला असण्याचं उदाहरण शिरूर तालुक्यात वेगळ्या क्षेत्रातही दिसतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ मध्ये तिथं एमआयटीच्या सहकार्यानं फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. फॅब लॅबमधल्या लेझर कटरसारख्या यंत्रांत बहुधा रेषेचा रंग हाच हुकूम असतो. एका रंगाची रेष कापायची, दुसऱ्या रंगाची नुसती कोरायची. तिथं 'रंग काढून टाका, उगाच भडक दिसतंय' असं कुणी म्हणत नाही. कागदपत्रांच्या दुनियेत मात्र रूप म्हणजे निव्वळ शोभा, हा समज घट्ट आहे.

स्क्रिप्ट कामाला कशी लागते आणि कुठं घसरते, ते एका ओळीवर जवळून पाहता येईल. लिबर-ऑफिसच्या शोध-बदल चौकटीत नमुने लिहायची सोय आहे. हातानं टाइप केलेले क्रमांक ओळखण्यासाठी बहुतेकांच्या हातून पहिला नमुना उतरतो तो असा:

^[०-९]+[.)]

टोपीचं चिन्ह म्हणजे परिच्छेदाची सुरुवात. कंसात शून्य ते नऊ, अधिकचं चिन्ह म्हणजे असे एक किंवा जास्त आकडे, आणि त्यापुढे टिंब किंवा अर्धा कंस. '१.', '१२)', '७.' सगळे सापडतात. ते खोडायचे आणि त्या परिच्छेदांना आपोआप क्रमांकाची शैली लावायची. दाव्यावर चालवलं, झकास झालं. मग तेच खरेदीखतावर चालवलं.

खरेदीखतात मिळकतीचं वर्णन असतं. गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात. एक हेक्टर वीस आर म्हणजे '१.२०.०० हे. आर'. टाइप करणाऱ्यानं 'क्षेत्र' लिहून एंटर मारला असेल तर आकडा नव्या परिच्छेदाच्या सुरुवातीला येतो. नमुन्याला तिथं एक आकडा दिसतो, त्यापुढे टिंब दिसतं. म्हणजे हा मुद्दा क्रमांकच. तो खोडला जातो आणि उरतं '२०.०० हे. आर'. तीन एकरांची जमीन कागदावर पन्नास एकरांची झाली. आवाज नाही, लाल रेघ नाही, काही बिघडल्याची खूण नाही; वर परिच्छेद कसा नेटका दिसतोय.

दुरुस्ती छोटी आहे. टिंबापुढे एक मोकळी जागा असलीच पाहिजे, अशी अट नमुन्यात घालायची. मग क्षेत्र वाचतं. पण टिंबापुढे जागा न सोडता '३.सदर मिळकत' असं टाइप करणारेही पुष्कळ असतात. त्यांचे मुद्दे आता सुटतात. एक भोक बुजवावं तर दुसरं उघडतं. जाणकार म्हणून दोन टप्पे करतात. पहिल्या टप्प्यात स्क्रिप्ट काहीच बदलत नाही, फक्त संशयित ओळींची यादी काढते. यादी माणूस वाचतो. दुसऱ्या टप्प्यात ती बदल करते, तेही मूळ फाइल वेगळी ठेवून, नक्कल प्रतीवर.

सुरक्षेचा प्रश्न वेगळाच आहे. मॅक्रो म्हणजे फाइलीच्या आतून चालणारी आज्ञावली आणि आज्ञावली चांगली-वाईट दोन्ही असते. १९९९ च्या मार्चमध्ये 'मेलिसा' हा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच जगभर ईमेलनं पसरला. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनं इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. त्यामुळे मित्रानं पाठवलेली मॅक्रोची फाइल उघडते, पण मॅक्रो चालत नाही आणि 'संगणक खराब आहे' अशी तक्रार होते. अडवणूक योग्यच आहे. मॅक्रो चालू करण्याआधी तो काय करतो हे वाचता यावं, किंवा वाचू शकणाऱ्या माणसाकडून घ्यावा.

ज्यांना ही कटकट नको, त्यांच्यासाठी साध्या मजकुराची वाट आहे. जॉन ग्रुबर यांच्या २००४ च्या 'मार्कडाउन' पद्धतीत मथळ्याआधी # हे चिन्ह टाकतात. एक चिन्ह म्हणजे पहिली पायरी, दोन म्हणजे दुसरी. '# ग्रामसभा इतिवृत्त', '## विषय क्र. १', '### ठराव'. जॉन मॅकफार्लेन यांचं 'पॅनडॉक' हे मोफत साधन अशा फाइलीतून वर्डची नीट शैलीबद्ध फाइल काढून देतं. शैली एका नमुना-फाइलीत ठरवून ठेवायच्या, मग गावोगावची इतिवृत्तं एकाच साच्यातून बाहेर पडतात. मोबाइलवर लिहिणाऱ्यालाही हे जमतं, कारण लागतं ते फक्त एक चिन्ह. अडचण इतकीच की टाइप करताना मजकूर अंतिम रूपात दिसत नाही, आणि ज्याला पान कसं दिसेल तेच पाहायची सवय आहे त्याला हे आंधळ्या कोशिंबिरीसारखं वाटतं. लांबलचक तक्त्यांना, विशेषतः ताळेबंदासारख्या आडव्या तक्त्यांना, ही पद्धत फारशी सोयीची नाही.

बोलून लिहिणाऱ्यांची संख्याही वाढते आहे. २०१७ मध्ये गूगलच्या आवाजी टंकलेखनात मराठी आली. सभेची चर्चा बोलून उतरवणं सोपं झालं, पण बोललेला मजकूर सपाट येतो; परिच्छेद, क्रमांक, मथळे काही नसतं. तिथं 'विषय क्रमांक', 'ठराव क्रमांक', 'सूचक' या खुणेच्या शब्दांवर मजकूर तोडून त्याला पायऱ्या देणारी ॲप्स स्क्रिप्ट चांगली उपयोगी पडते. सभेत हे शब्द बोललेच जातात आणि साचा ठरलेला असतो, हा इथला मोठा फायदा. मॅक्रो स्वतः लिहिता येत नसेल तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून तो लिहूनही मिळतो. पण त्यांना विसर्ग, दोन प्रकारचे 'ॲ', देवनागरीचा वेगळा आकार आणि खरेदीखतातलं क्षेत्र हे सांगणारा माणूस समोर लागतोच.

लिपीच्या रूपाबद्दलही एक फायदा हाताशी आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठी वर्णमाला आणि अक्षरांची रूपं प्रमाण ठरवली; मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' त्यात आहेत. काही युनिकोड फाँटांत हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली की लिबर-ऑफिस आपोआप मराठी वळण निवडतं. चारशे परिच्छेदांची भाषा हातानं बदलत बसणं नको. स्क्रिप्टला ते एका ओळीचं काम. अक्षरांचं वळण बदलतं आणि शुद्धलेखन तपासनीसही हिंदीऐवजी मराठीचा लागतो.

मग कुणी याच्या वाटेला जावं? महिन्यातून एक अर्ज टाइप करणाऱ्यानं अजिबात नाही; त्याला वर्डच्या शैली आणि एफ-नाइन पुरे. न्यायालयाजवळच्या दुकानानं दावा, कैफियत, प्रतिज्ञापत्र आणि खरेदीखत यांच्या चार नमुना-फाइली शैलींसह करून ठेवल्या तर मॅक्रोची गरज निम्म्याहून कमी होते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकाला अ-ब-क-डचा एक मॅक्रो वर्षानुवर्षं पुरेल. दरवर्षी तोच अहवाल नव्या आकड्यांनी काढणाऱ्या संस्थेला आणि अनेक गावांची इतिवृत्तं एकत्र करणाऱ्या कचेरीला पूर्ण साखळी उभारणं परवडतं: परिवर्तन, एकसारखेपणा, संशयितांची यादी, शैली. आणि ज्याच्याकडे कृतिदेव-श्रीलिपीतलं पंधरा-वीस वर्षांचं दफ्तर पडून आहे, त्यानं मांडणीचा विचार नंतर करावा. आधी फाँटांच्या नावांसकट त्याच्या दोन प्रती कुठंतरी सुरक्षित ठेवाव्यात.

दुकानातल्या वकीलसाहेबांचं कलम आता आठवं म्हणून जागेवर बसलं आहे आणि पुढचे आकडे सरकले आहेत. त्याच अशिलाचं खरेदीखत स्क्रिप्टखालून काढलं तर तिनं दिलेल्या यादीत नऊ ओळी आहेत. टाइप करणारी मुलगी पेन घेऊन एकेका ओळीवर खूण करत जाते. मुद्दा, मुद्दा, मुद्दा. सहाव्या ओळीवर पेन थांबतं. तिथं '१.२०.००' लिहिलेलं आहे.